अकराव्या मिनिटाला बंद पाडलेलं गाणं

अन्याय झाला माझ्या मैत्रिणीवर. कपिलधारच्या यात्रेनंतरचा दुसरा रविवार, दुपारी चार वाजून बावीस मिनिटं. ठिकाण, बीडमधल्या एका मंगल कार्यालयाचा वरचा लहान हॉल. ती स्टेजवर एकटी वाजवत होती. गाणं सतरा मिनिटांचं होतं आणि अकराव्या मिनिटाला तिची लाइट तोडली गेली.

मला पत्रकं लिहायला ज्यांनी शिकवलं ते म्हणायचे, पहिल्या ओळीत माणूस, दुसऱ्या ओळीत वेळ, मग काय झालं ते. रडायचं नाही, विशेषणं लावायची नाहीत. शेवटी मागणी, तीपण एकच. दोन मागण्या ठेवल्या की समोरचा सोपी तेवढी पुरी करतो अन् फोटो काढून घेतो. सहा वर्षं मी आमच्या संघटनेसाठी तशीच लिहीत आले. एसटी स्टँडवरच्या बायकांच्या मुतारीला कुलूप का, कोचिंग क्लासच्या जिन्यात बल्ब का नाही, असल्या विषयांवर. हे पत्रक नाही. पण हाताला लागलेलं वळण काही जात नाही.

आता तिचं गाणं म्हणजे काय, ते सांगते. सांगणं अवघड आहे, कारण मला स्वतःला कळायला दोन वर्षं लागली. गिटार असते, पण तिच्या तारा इतक्या ढिल्या केलेल्या की आवाज पोटात ऐकू येतो. त्यावर आवाजांचे थर चढत जातात, ओल्या गोधड्या एकावर एक टाकाव्यात तसे. त्या सगळ्याच्या तळाशी ती गाते, हळू, एखाद्या बंद खोलीत कुणी स्वतःशी बोलावं तसं. ह्या प्रकाराला इंग्रजीत शूगेझ म्हणतात. वाजवणारा लोकांकडे न बघता आपल्या बुटांकडे बघत उभा राहतो म्हणून. त्यात ती मेटल, म्हणजे जड आवाजाचं रॉक, मिसळते, आणि मेटलमध्येही जे सरळ लोकांना मेटल वाटणार नाही असलं काहीतरी. बँड नाही, कुणी जोडीदार नाही. सगळं एकटी करते.

"बूट कुठायत तुझ्याकडं? चप्पल तर घालतीस," मी एकदा म्हणाले.

"मग चपलेकडं बघती. तुला काय?" ती म्हणाली, अन् खरंच चपलेकडं बघत होती.

तिच्या वडिलांचं, अप्पांचं, बार्शी रोडला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. बोअरच्या, विहिरीच्या जळालेल्या मोटारी तिथं येतात. जुनं काळं पडलेलं तांबं काढायचं, नवी तार गुंडाळायची, वार्निश पाजायचं, भट्टीत सुकवायचं. दुकानात शिरलं की तो वार्निशचा वास नाकात बसतो आणि घरी गेल्यावरही ओढणीला येत राहतो. ती सातवीत असल्यापासून कॉइल भरते. वेढे मोजताना तिचे ओठ हलतात. त्या वेळी तिला कुणी हाक मारलेली चालत नाही, अप्पांनीसुद्धा.

तिच्या गिटारीतली, तारांचा आवाज पकडणारी कॉइल तिनं स्वतः गुंडाळली आहे. केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेची, दुकानातल्याच हाताने फिरवायच्या मशिनवर. पायाने दाबायची बटणं असतात ना, आवाज बदलायची, ती पण तिनंच बनवली. प्लास्टिकच्या स्विचबोर्डाचे डबे आणि त्यावर दारावरच्या बेलची बटणं. सगळी रांगेत मांडली की एखाद्या बिल्डिंगचा जिना आडवा पाडल्यासारखं दिसतं.

आमची ओळख भोंग्यामुळं झाली. माझा हातात धरायचा भोंगा होता, तो ऐन सभेच्या आदल्या दिवशी कोकलायला लागला. भिंतीजवळ गेलं की किंचाळायचा. मी तो घेऊन दुकानात गेले. तिनं उघडला, आत बघितलं, मग बंद केला आणि मला म्हणाली, "बिघडला न्हाई. तू भिंतीला लागून उभी राहतीस म्हणून ओरडतो."

"मग भिंत पाडू का?"

"पुढं सरक दोन पावलं."

एवढं बोलून ती थांबली, आणि तो भोंगा मुद्दाम भिंतीपाशी नेऊन तिनं पुन्हा किंचाळायला लावला. एकदा, दोनदा, चारदा. समोरच्या फळाच्या गाड्यावरचा माणूस कानावर हात ठेवून शिव्या द्यायला लागला. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद मी नंतर फार कमी वेळा बघितला. तिनं तो आवाज मोबाइलमध्ये भरून घेतला. घोषणा पण दे म्हणाली. मी दिली, पूर्ण जोर लावून दिली.

तीन महिन्यांनी तिनं मला एक गाणं ऐकवलं. लांब, अंधारलेलं, आणि त्यात मधेच काहीतरी माणसासारखं रडत होतं. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, तू. माझी घोषणा तिनं इतकी सावकाश केली होती की शब्द विरघळून गेले होते, नुसती ओरड उरली होती.

मला राग आला. आमची मागणी होती त्यात! "शब्द कुठं गेले?"

"शब्द तू रोजच देतीस की," ती म्हणाली.

मी आठ दिवस बोलले नाही तिच्याशी. नवव्या दिवशी गेले, कारण ते गाणं डोक्यातून जात नव्हतं. इतक्या सभांमध्ये मी ओरडले, पण मला नेमकं काय होतं ओरडताना, ते कुणी मला असं ऐकवलं नव्हतं.

मग मी तिच्याबरोबर फिरायला लागले. एकदा आम्ही मांजरसुंब्याला गेलो, घाट उतरणाऱ्या ट्रकांच्या ब्रेकचा आवाज भरून घ्यायला. भर दुपारी हायवेच्या कडेला दोन पोरी, त्यातल्या एकीच्या हातात पायमोजा घातलेला मोबाइल. वाऱ्याचा खरखराट येऊ नये म्हणून तो मोजा. ढाब्यावरचा माणूस दोनदा येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा चहा घेऊनच आला.

"रस्ता रुंद करायलेत का पुन्हा?" त्यानं विचारलं. आम्ही सर्वेवाल्या आहोत असं त्याला वाटलं होतं.

"न्हाई काका, गाणं करायलोत."

त्यानं ट्रककडं बघितलं, मोज्याकडं बघितलं. "ह्याचं गाणं?" म्हणाला. मग जरा विचार करून, "मग ते दहा चाकांचे येऊ द्या. त्यांचा ब्रेक लई रडतो." आणि आमच्याबरोबर तोच अर्धा तास उभा राहिला, दहा चाकांचा आला की हात वर करून इशारा करायला.

तिचे शब्द कुणाला ऐकू येत नाहीत म्हणून मी नेहमी भांडायचे. एकदा वहीच मागून घेतली. त्यात काय होतं सांगू? दुकानात मोटार आली की अप्पा तिला एक पुठ्ठ्याचा तुकडा बांधतात, त्यावर लिहितात, ते होतं. "पाच एचपी. पाणी खाली गेलंय. दोनदा जळाली. गुरुवारी न्यायला येणार." दुसऱ्या पानावर, "तीन एचपी. आवाज करते, फिरत नाही. घाई नाही." ही तिची गाणी. मी ती वही मिटून परत केली.

तर खोलीची गोष्ट. दुकानाच्या मागं एक खोली आहे. तिथं ती वाजवायची, भरायची, झोपायचं तेवढं घरी. अप्पांना ती खोली पाहिजे होती. बोअरचे पाइप ठेवायला जागा नव्हती, पाइप रस्त्यावर यायचे आणि रोज कुणीतरी येऊन कटकट करायचं. अप्पा आरडाओरडा करणारे नाहीत. त्यांनी तिला बसवून सांगितलं, मी तिथं होते.

"पुढच्या कपिलधारच्या यात्रेपर्यंत खोली तुझी. मग मी एकदा ऐकतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यात काम हाय असं वाटलं तर खोली तुझीच. न्हाई तर पाइप."

"काम हाय म्हंजे?" तिनं विचारलं.

"ते मला ऐकल्यावर कळतं."

हे ते उगाच बोलले नव्हते. अप्पा मोटार कानानं तपासतात. लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक चालू मोटारीच्या अंगाला टेकवायचं आणि मूठ कानाच्या हाडाला. डोळे मिटायचे. मग सांगायचं, बेअरिंग गेलंय, किंवा आत पाणी शिरलंय, किंवा काही झालेलं नाही, घेऊन जा. चुकलेले मी बघितले नाहीत. सगळा बार्शी रोड त्यांच्या कानाला मानतो.

वर्षभर तिनं एकच गाणं केलं. सतरा मिनिटांचं. ते अप्पांसाठी होतं, हे तिनं मला सांगितलं नाही, पण वेगळं सांगायची गरज नव्हती. त्या गाण्याच्या मधोमध एक मोटार आहे. थ्री फेजच्या मोटारीचा एक फेज गेला की ती फिरत नाही, जागेवर गुरगुरते, आणि लगेच बंद केली नाही तर जळते. अडकलेल्या जनावरासारखी. शेताला पाणी देणाऱ्या कुणालाही हा आवाज माहीत असतो. तिच्या गाण्यात नवव्या मिनिटाला बाकीचं सगळं थांबतं आणि ही गुरगुर एकटी उरते. चार मिनिटं. तेराव्या मिनिटाला तिसरा फेज येतो. मोटार फिरते. मग जे होतं ते मी लिहून दाखवू शकत नाही, आणि दाखवणारही नाही. ते शेवटी बघू.

आमच्या संघटनेचा छोटा मेळावा होता. स्टँडवरचं ते कुलूप अखेर निघालं होतं, त्याचा आनंद. मीच म्हणाले, तू तिथं वाजव. अप्पांना तिथंच ऐकव. ती नको म्हणत होती. मी ऐकलं नाही. माझं म्हणणं असं की बीडमध्ये मुलीनं स्टेजवर गिटार घेऊन उभं राहणं हीच एक मागणी आहे. ती म्हणाली, "मागणी न्हाई गं. गाणं हाय." पण आली.

येताना तिनं मला एकच गोष्ट सांगितली. दोनदा सांगितली. "मी माइकवर बोलणार न्हाई. तू सुरुवातीला सांग, की मधी मोटारीचा आवाज येईल, तो मुद्दाम घेतलाय, बिघाड न्हाई. एवढंच सांग."

"सांगते की."

"इसरू नको."

"अगं बाई, बोलायचं काम मला शिकवतीस?"

आणि अप्पांनी काय केलं, तर त्यांनी स्वतःहून निमंत्रणं दिली. आम्हाला माहीत नव्हतं. बार्शी रोडचे सगळे रिवाइंडिंगवाले, वायरमन, पंप फिटर, झाडून सगळे. "पोरगी वाजवती, या." पुढच्या दोन रांगा त्यांच्या भरल्या. इस्त्रीचे शर्ट घालून आलेली, नखांत वार्निश असलेली माणसं. पहिल्या रांगेत मधोमध अप्पा, यात्रेला घालतात ती टोपी घालून.

साऊंडला चाचा होते. आमच्या प्रत्येक सभेला तेच असतात. पंचवीस वर्षं बीडमधली लग्नं, उरूस, जयंत्या, निवडणुका त्यांच्या स्पीकरवर झाल्या आहेत. त्यांनी तिचे ते बेलचे डबे बघितले, वाकून एक बटण दाबलं आणि म्हणाले, "बेटा, दार उघडंच हाय." ती हसली. त्या दिवशी ती तेवढं एकदाच हसली.

मी बोलले. मग ती वाजवायला लागली. पुढच्या रांगा अवघडून बसल्या होत्या, पण बसल्या होत्या. एका फिटरनं दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं, दुसऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं. अप्पांनी डोळे मिटले होते. ते मला दिसलं आणि मला वाटलं, जिंकलो.

मग नववं मिनिट आलं. गुरगुर सुरू झाली.

एका क्षणात दोन रांगांची पाठ ताठ झाली. मला वाटलं, वा, काय परिणाम झालाय! एक वायरमन उठून भिंतीवरच्या बोर्डाकडं निघाला. दुसरा टेस्टर काढून स्टेजच्या कडेच्या वायरी तपासायला लागला. तिसरा माणूस जिन्यानं धावत खाली गेला. नंतर कळलं की तो मंगल कार्यालयाच्या अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून आला, अर्थिंग सुकलं असेल म्हणून. कुणी चिडलेलं नव्हतं. सगळे मदत करत होते. ती मान खाली घालून वाजवत होती, तिला काही दिसत नव्हतं, तिची नजर चपलेवर.

आणि मग कुणीतरी जोरात ओरडलं. पुढच्याच क्षणी स्पीकर मेले. चार बावीस.

ती तशीच उभी राहिली. गिटारीच्या तारांचा नुसता टुणटुण आवाज येत होता, विजेशिवाय येतो तेवढा. मग तोही थांबला. तिनं वायरी गुंडाळायला सुरुवात केली, कोपरापासून अंगठ्यापर्यंत, एकेक करून, दुकानात गुंडाळते तशी नीट. मी स्टेजवर चढले. "पुन्हा लावू, चाचा, लावा पुन्हा," मी ओरडत होते. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे." अप्पा टोपी हातात घेऊन उभे होते. ते पुढं आले नाहीत. खाली मान घालून जिना उतरून गेले.

त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहायला बसले. मथळा, "महिला कलाकाराचा भर सभेत आवाज बंद! जाहीर निषेध!" निषेध कुणाचा, तर साऊंडवाल्याचा, आणि त्या दोन रांगांचा, ज्यांना एका पोरीचं सतरा मिनिटं ऐकून घेता आलं नाही. लई कडक लिहिलं होतं मी. तीन दिवस त्यावर घासत होते. दरम्यान दुकानावरून गेले तर दिसलं, मागच्या खोलीचं दार सताड उघडं. आतलं सामान सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरलेलं. बटणांचे डबे एका गोणीत, स्पीकर चादरीत. ती बाकावर बसून कॉइल भरत होती. समोर अप्पा दुसरी कॉइल भरत होते. दोघांचे ओठ हलत होते, ते फक्त वेढे मोजायला.

"खोली कावून रिकामी केलीस?" मी बाहेर बोलावून विचारलं.

"अप्पांनी ऐकलं न्हवं का. निकाल दिला त्यांनी."

"निकाल कुठं दिला? लाइट गेली!"

"लाइट गेली न्हाई. ते म्हणले 'बंद कर'. मला ऐकू आलं." ती परत आत गेली. "पाइप उद्या टाकणारेत," जाता जाता म्हणाली.

मला ते पटेना. ओरडलं होतं कुणीतरी, पण अप्पा? पत्रकात नेमकी वेळ आणि नेमके शब्द पाहिजेत म्हणून मी घरी येऊन मोबाइलमधलं रेकॉर्डिंग काढलं. मेळाव्याचं सगळं मी भरून घेतलं होतं. पुरावा म्हणून मी सगळंच भरून घेते.

आधी माझं भाषण लागलं. तीन बावन्न ते चार अकरा. एकोणीस मिनिटं. मुलींना हॉल का मिळत नाहीत यावर चार मिनिटं. कुलूप कसं निघालं यावर सात. प्रशासन, उदासीनता, इशारा. मी स्वतःचं भाषण पहिल्यांदाच पूर्ण ऐकत होते, आणि वाट बघत होते, की आता सांगेन, आता सांगेन. सोळा मिनिटं झाली. अठरा झाली. "आणि आता ऐकूया आपल्या मैत्रिणीचं गाणं!" टाळ्या.

ते एक वाक्य त्यात नव्हतं. एकोणीस मिनिटांत नव्हतं.

मी पुढं ऐकलं. नववं मिनिट, दहावं. मग अप्पांचा आवाज. अप्पांचाच होता. "बंद कर! बंद कर रे, जळंल! पोरगी हाय तिथं!"

शेवटचे तीन शब्द तिला ऐकू आले नव्हते. कुणालाच आले नव्हते.

मी चाचांना फोन लावला. "बेटा, मी सोताहून न्हाई तोडलं," ते म्हणाले. "अप्पा उठून ओरडले. बाप ओरडला की आपण विचारत बसत न्हाई." मग थांबून म्हणाले, "गाणं चांगलं होतं का? मला तर भीतीच वाटली."

ते कडक पत्रक मी फाडलं. कुणी बघायला नव्हतं, तरी फाडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गेले. पाइपांचा टेंपो दारात उभा होता. मी अप्पांना म्हणाले, आधी हे ऐका. ती बाकावरच होती. मी मोबाइल मोटारींच्या मधे ठेवला आणि लावला.

गुरगुर सुरू झाली तसा अप्पांचा उजवा हात उठला, भिंतीवरच्या स्टार्टरकडं गेला, मग त्यांचं त्यांनाच कळलं आणि त्यांनी तो खाली घेतला. आणि मग त्यांनी स्वतःचा आवाज ऐकला. तिनंही ऐकला. पूर्ण ऐकला. तिच्या हातातली कॉइल थांबली, आणि मी तिला वेढ्यांच्या मधे थांबलेलं कधी बघितलं नव्हतं.

"एक फेज गेलेला होता," अप्पा म्हणाले. मला नाही, तिला. "असा आवाज आला की माझा हात जातो. झोपेतपण जाईल. मला वाटलं तुझ्या त्या डब्यांत शॉर्ट झालाय काहीतरी, तू तार धरून हाईस."

"स्टेजवर मोटार कुठली येईल, अप्पा?"

"ते कळायला वेळ लागतो. हात त्याच्या आधी जातो." मग ते माझ्याकडं वळले. "पुढारीणबाई, तुमी तिथं घंटाभर बोललात. त्यात एवढं सांगायला काय झालतं?"

"एकोणीस मिनिटं," मी म्हणाले.

"मला घंटा वाटला."

"तुला मी दोनदा सांगितलतं," ती म्हणाली. रागानं नाही. म्हणून जास्त लागलं.

"सांगितलं होतंस. चूक माझी. साऊंडवाल्याची नाही, अप्पांची नाही, लोकांची नाही. माझी." आयुष्यात शेकडो पत्रकं लिहिली, हे वाक्य पहिल्यांदा म्हणत होते. ते म्हणायला फार अवघड नव्हतं, हेच मला विचित्र वाटलं.

अप्पा अजून तिच्याकडंच बघत होते. "कुठल्या मोटारीवर भरला आवाज?"

"भंगारातली तीन एचपी."

"किती वेळ चालवली?"

"तीन सेकंद. बाकी ताणलंय."

त्यांनी श्वास सोडला. तीन सेकंदांत मोटार जळत नाही. एवढं ऐकल्यावर ते उठले, टेंपोवाल्याला म्हणाले, "थांब जरा, चहा घे," आणि खुंटीवरचा लांब स्क्रूड्रायव्हर काढून मागच्या खोलीत गेले.

तिनं गोण्या सोडल्या. वायरी जोडायला वीस मिनिटं लागली असतील. अप्पा उलट्या बादलीवर बसून होते. तिनं वाजवायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक स्पीकरच्या लाकडी पेटीला टेकवलं, मूठ कानाच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. मी दारात उभी होते.

नववं मिनिट आलं. अप्पांचा डावा हात मांडीवर होता, त्याची मूठ वळली. दहावं, अकरावं. ज्या ठिकाणी तोडलं होतं ते आलं आणि गेलं. बारावं. मग तेराव्याला तिसरा फेज आला आणि खोलीच्या पत्र्यासकट सगळं फिरायला लागलं. अप्पांची मूठ सुटली. बाहेर टेंपोवाला चहाचा ग्लास घेऊन खिडकीत येऊन उभा राहिला. त्या सगळ्याच्या तळाशी ती गात होती, आणि मला तेव्हा पहिल्यांदा शब्द कळले, कारण मला ते आधीपासून माहीत होते. आवाज करते, फिरत नाही. घाई नाही.

संपल्यावर अप्पांनी स्क्रूड्रायव्हर लगेच काढला नाही. मोटार बंद केली तरी ती थोडी फिरत राहते, तेवढा वेळ ते थांबतात.

"आवडलं का?" मी विचारलं. मला राहवत नाही.

"आवडायचं काय त्यात? डोकं दुखायलंय." मग तिला म्हणाले, "शेवटाला जरा घरघर ऱ्हाती. बेअरिंगसारखी."

"ती मुद्दाम हाय."

"मुद्दाम हाय तर ऱ्हाऊ दे." ते उठले, दारापाशी गेले. "वाइंडिंग एकसारखं हाय," बाहेर तोंड करून म्हणाले. "कुठं जळत न्हाई."

त्यांच्या तोंडून हे वाक्य पक्क्या कारागिरांनासुद्धा वर्षातून एकदा मिळतं. ती चपलेकडं बघत राहिली, बराच वेळ.

पाइप आता दुकानाच्या पडवीत वर, साखळ्यांना टांगलेले आहेत. आत शिरताना उंच माणसाला वाकावं लागतं. खोलीत गोण्या नाहीत.

पुढच्या मेळाव्यात, त्याच हॉलमध्ये, त्याच चाचांच्या साऊंडवर ती तेच गाणं पुन्हा वाजवणार आहे. दोन रांगा अप्पा पुन्हा बोलावणार आहेत. मी बोलणार आहे, एकच वाक्य, ते मी कागदावर लिहून ठेवलंय आणि तो कागद तिनं तपासलाय. तुम्हीही यायचं आहे. आणि मागणी एकच आहे, दुसरी नाही. नवव्या मिनिटाला तुमचा हात स्विचकडं जाईल. तो मांडीवर ठेवा, आणि तेरावं मिनिट येईपर्यंत उठू नका.